समासातली पेन्सिल

पुस्तकात लिहायचं नाही, असा नियम आहे.
मीच लिहिलाय तो, दारावर, निळ्या शाईत,
आणि दमट हवेनं त्यातला 'नाही' पुसट केलाय.
चिलोएच्या या बेटावर सगळंच पुसट होतं,
होड्यांची नावं, थडग्यांवरच्या तारखा,
माझे शिक्के.

एलेउतेरिओ नाउएल्किन दर गुरुवारी येतो.
पायात रबरी बूट, अंगाला ओल्या लोकरीचा वास.
"डॉक्टरांचं काही आहे का, एदेल्मिरा?"
एकतीस वर्षं त्यानं दवाखान्याची लाँच चालवली,
या बेटावरून त्या बेटावर
डॉक्टर, नर्स, लसींची पेटी,
एकदा तर दात उपटायची अख्खी खुर्ची.
आता गुडघे गेले, लाँच दुसऱ्याकडे गेली.
राहिलं वाचन.

डॉक्टरांची पुस्तकं आहेत अकरा.
एकात वाळवंट आणि तंबू,
एकात मोठ्या शहरातला सर्जन,
त्याला तीन बायका आणि मित्र एकही नाही.
एक नुसतं मूतखड्यांवरचं, आकृत्यांसकट,
कुणी दान दिलं देव जाणे.
तेही त्यानं वाचलं. म्हणाला,
शेवट जरा घाईत उरकलाय.

पेन्सिल मला सापडली हिवाळ्यात,
पुस्तकं चुलीपाशी वाळत घातली तेव्हा.
'पहाटे डॉक्टर पलीकडच्या किनाऱ्यावर पोचले'
असं छापलेलं, आणि शेजारी समासात:
कसे? पोहत?
दुसऱ्यात, 'निरोप मिळताच डॉक्टर निघाले.'
डिझेल कुणी भरलं.
इथे प्रश्नचिन्हही नाही.
पान एकशे बारा: वारा कुठला ते लिहिलेलं नाही.
उत्तरेचा असेल तर हा लेखक खोटं बोलतोय.

मी खोडरबर घेऊन बसले.
तीन पुस्तकं साफ केली,
नियम तो नियम.
चौथ्यात बाळंतिणीचा मृत्यू होता.
'डॉक्टरांनी चादर वर ओढली
आणि शांतपणे हात धुतले.'
तिथे अक्षर बारीक झालेलं,
समास उतरून, तळाशी वळून
उलट्या बाजूनं वर चढलेलं. पुस्तक फिरवत वाचावं लागलं:

आमचेही धुवून आले. बोटीत बसले.
धक्का दिसेनासा होईपर्यंत गप्प.
मग रडायला लागले.
सव्वीस वर्षांचे होते, वाळवंटाकडचे,
बोट लागायची त्यांना, पण हे ते नव्हतं.
मी मागे वळलो नाही.
इंजिनाचा आवाज वाढवला
आणि लांबच्या वळणानं आणलं त्यांना,
दोन बेटांना उगाच वळसा घालून.
वीस लिटर जास्त जळलं.
वहीत लिहिलं: समोरून प्रवाह.

खोडरबर टेकवला होता मी.
एक अक्षर अर्धं गेलंसुद्धा.
मग माझी पेन्सिल काढून
ते मीच पुरं केलं,
त्याच्यासारखं तिरकं.

आता दवाखान्यात नवी डॉक्टर आहे, फ्रेसिआ.
मागच्या महिन्यात भिजत आली,
छत्री उलटी झालेली,
म्हणाली, झोप येत नाही, काहीतरी हलकं द्या.
हलकं माझ्याकडे पुष्कळ आहे,
प्रेमकथांचं एक कपाट भरून.
मी तिला हे दिलं.

परत करायची तारीख उलटून तीन आठवडे झाले.
दंड मी मांडलेला नाही.
रात्री दवाखान्यावरून जाताना
वरच्या खिडकीत दिवा दिसतो;
वाचत असेल, किंवा कुणी आलं असेल
पोट धरून. बाहेरून कळत नाही.

परवा एलेउतेरिओनं नेमकं तेच मागितलं.
म्हटलं, बाहेर गेलंय.
कुणाकडे, ते त्यानं विचारलं नाही.
बराच वेळ काचेतून धक्क्याकडे बघत राहिला,
जिथे लाँच दोर ताणत डुलत होती.
"उत्तरेचा आहे," म्हणाला,
"आज कुणी निघू नये."
आणि मूतखड्यांचं पुस्तक
पुन्हा काखेत मारून गेला.